1794 चा जे तह वॉशिंग्टनने का स्वीकारला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "एम.ए.साठी अमेरिकेचा इतिहास वाचतोय. 1794 चा जे तह एका पुस्तकात 'ब्रिटनपुढची शरणागती' म्हणून येतो, दुसऱ्यात 'वॉशिंग्टनची दूरदृष्टी' म्हणून. स्वातंत्र्ययुद्ध जिंकून अकरा वर्षं झाली असताना त्याच शत्रूशी इतका पडता तह का केला? आणि देशभर पुतळे जळत असताना तो मंजूर झाला कसा?"

अमेरिकेच्या वतीने ब्रिटनशी बोलणी करणाऱ्या जॉन जे याच्या नावावरून या तहाला जे तह म्हणतात. मी हा विषय पदव्युत्तर वर्गांना एकतीस वर्षं शिकवला. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही हा तह शरणागती म्हणूनच शिकवत होतो, कारण मी फक्त कलमं वाचत होतो. पुढे कलमं बाजूला ठेवून त्या वर्षी फिलाडेल्फियात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, बसलेल्या सरकारच्या हातात नेमकं काय होतं याची मोजदाद केली आणि माझं मत बदललं. म्हणून सुरुवात मोजदादीपासून करतो.

नौदल नव्हतं. स्वातंत्र्ययुद्धातलं शेवटचं जहाज 1785 मध्येच विकून टाकलं होतं. मार्च 1794 मध्ये काँग्रेसने सहा फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, बांधायला मंजुरी दिली, पण त्यातली पहिली पाण्यात उतरायला 1797 उजाडलं. जमिनीवरची फौज तुटपुंजी होती. नोव्हेंबर 1791 मध्ये मायामी, शॉनी आणि त्यांच्या मित्रजमातींनी अमेरिकन सेनापती आर्थर सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडवला होता, सहाशेहून जास्त सैनिक एका सकाळी पडले होते. आणि तिजोरी? केंद्र सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न आयात मालावरच्या जकातीतून येत होतं, आणि त्या आयातीचा फार मोठा भाग ब्रिटिश होता. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने युद्धकाळातल्या कर्जाची जी नवी घडी बसवली होती, तिचं व्याज याच जकातीतून भागत होतं. ब्रिटनशी व्यापार थांबला असता तर पहिला बळी ब्रिटनचा नव्हे, अमेरिकन सरकारच्या आर्थिक पतीचा गेला असता.

हे मनात पक्कं ठेवलं की पुढचं सगळं वेगळं दिसू लागतं.

आता भांडण काय होतं ते बघू. 1783 च्या पॅरिस तहात ब्रिटनने कबूल केलं होतं की अमेरिकेच्या हद्दीतली आपली ठाणी तो सोडेल. डेट्रॉइट, नायगारा, ओस्वेगो, मिशिलिमॅकिनॅक ही सरोवरांकाठची ठाणी फराच्या व्यापाराच्या नाड्या होत्या, आणि आदिवासी जमातींशी ब्रिटनचे संबंधही तिथूनच चालत. ब्रिटनने ती सोडली नाहीत. कारण देताना तो म्हणे, तुमच्या राज्यांतली न्यायालयं आमच्या सावकारांची युद्धापूर्वीची कर्जं वसूल होऊ देत नाहीत. यात तथ्य होतं, व्हर्जिनियाचे तंबाखूवाले जमीनदार त्यात आघाडीवर होते. पण ठाणी सोडू नका हा लंडनचा हुकूम एप्रिल 1784 मध्ये, राजाने तहाला मान्यता दिली त्याच्या आदल्या दिवशी निघाला होता, हेही विसरू नका. म्हणजे कर्जाचं कारण नंतर जोडलेलं. शिवाय युद्ध संपताना ब्रिटिश सैन्याबरोबर गेलेल्या गुलामांची भरपाई दक्षिणेतले मालक मागत होते.

या जुन्या जखमेवर 1793 मध्ये नवा घाव बसला. फेब्रुवारीत फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. फ्रान्सशी अमेरिकेचा 1778 चा मैत्रीचा तह अजून जिवंत होता, त्यात वेस्ट इंडीजमधल्या फ्रेंच वसाहतींच्या रक्षणाची हमीही होती. वॉशिंग्टनने 22 एप्रिल 1793 ला जाहीरनामा काढून देश बाजूला ठेवला. (त्या मजकुरात 'तटस्थता' हा शब्द नाही. मैत्रीचं आणि निःपक्षपाती वर्तन एवढंच म्हटलं आहे. परराष्ट्रमंत्री जेफरसनचा तसा आग्रह होता.) त्याच महिन्यात फ्रान्सचा नवा वकील, म्हणजे राजदूत, एडमंड जेने चार्ल्सटनला उतरला आणि अमेरिकन बंदरांतच फ्रान्ससाठी खासगी लढाऊ जहाजं सजवू लागला. अध्यक्षाने अडवलं तेव्हा आपण थेट जनतेकडे जाऊ असं तो बोलू लागला. शेवटी जेफरसननेही हात टेकले आणि त्याला परत बोलावण्याची मागणी झाली.

ब्रिटनने मात्र समुद्रावर कहर केला. 6 नोव्हेंबर 1793 च्या गुप्त हुकमाने फ्रेंच वसाहतींशी व्यापार करणारं कोणतंही जहाज धरायची मुभा आरमाराला मिळाली. हुकूम जाहीर होण्याआधीच वेस्ट इंडीजमध्ये अमेरिकेची अडीचशेच्या आसपास जहाजं धरली गेली. खलाशांना ब्रिटिश प्रजाजन ठरवून बळजबरीने आरमारात ओढलं जात होतं. फेब्रुवारी 1794 मध्ये कॅनडाचा गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर आदिवासी प्रतिनिधींना उघड सांगत होता की अमेरिकेशी वर्षभरात युद्ध होऊ शकतं. मार्चच्या अखेरीस काँग्रेसने सगळ्या जहाजांवर महिनाभराची बंदी घातली. ब्रिटिश आयात बंद करण्याचं विधेयक प्रतिनिधीगृहात संमतही झालं. सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सच्या निर्णायक मताने ते पडलं.

अशा वेळी सरन्यायाधीश जॉन जे याला लंडनला पाठवायचं ठरलं. पदावरच्या सरन्यायाधीशाला परदेशी वकिलातीवर पाठवणं तेव्हाही अनेकांना खटकलं होतं, आणि मला आजही ते खटकतं. सिनेटने 18 विरुद्ध 8 मतांनी मान्यता दिली आणि 12 मे 1794 ला जे न्यूयॉर्कहून निघाला. सूचनांवर सही नवा परराष्ट्रमंत्री एडमंड रँडॉल्फची होती, पण विचार बहुतांशी हॅमिल्टनचा होता. अटळ अटी दोनच: फ्रान्सशी असलेल्या तहाला धक्का लावायचा नाही, आणि वेस्ट इंडीजचा व्यापार उघडल्याशिवाय व्यापारी करार करायचा नाही. बाकी जेच्या तारतम्यावर.

लंडनमध्ये त्याची गाठ परराष्ट्रमंत्री लॉर्ड ग्रेनव्हिल याच्याशी होती. 19 नोव्हेंबर 1794 ला झालेल्या तहात ब्रिटनने 1 जून 1796 पर्यंत ठाणी सोडायचं कबूल केलं. धरलेल्या जहाजांची भरपाई, युद्धापूर्वीची कर्जं आणि ईशान्येकडची सेंट क्रॉय नदी नेमकी कोणती हा हद्दीचा वाद, हे तिन्ही प्रश्न दोन्ही देशांच्या मिश्र लवाद मंडळांकडे गेले. वेस्ट इंडीजचं दार किलकिलं झालं, पण फक्त 70 टनांपर्यंतच्या जहाजांना. त्या बदल्यात साखर, कॉफी, काकवी, कोको आणि कापूस अमेरिकन जहाजांनी जगात इतरत्र न्यायचा नाही अशी अट बाराव्या कलमात होती. खलाशांच्या सक्तीच्या भरतीबद्दल एक अक्षर नाही. गुलामांच्या भरपाईबद्दलही नाही. जॉन जे स्वतः न्यूयॉर्कमधल्या गुलाममुक्ती संस्थेचा अध्यक्ष राहिलेला होता, त्या मागणीवर त्याचं मनच नव्हतं, आणि या एका बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे.

सगळ्यात खोल जखम मात्र मालावरच्या कलमांनी केली. 1778 च्या फ्रेंच तहात तत्त्व होतं की जहाज तटस्थ तर त्यातला मालही सुरक्षित. जेच्या तहाने शत्रूचा माल तटस्थ जहाजातूनही काढून घ्यायचा ब्रिटनचा हक्क व्यवहारात मान्य केला, आणि जहाजबांधणीचं लाकूड, डांबर, दोरखंड युद्धसाहित्यात धरले. फ्रान्सला हे पाठीत खुपसलेल्या सुरीसारखं वाटलं. त्याशिवाय ब्रिटिश मालावर आणि जहाजांवर वेगळी, जास्त जकात लावायची नाही असंही अमेरिकेने कबूल केलं. प्रतिनिधीगृहातल्या विरोधकांचा नेता जेम्स मॅडिसन वर्षानुवर्षं ज्या एका शस्त्राची भाषा करत होता ते शस्त्र हेच. त्याचा संताप समजून घ्यायचा असेल तर पंधरावं कलम वाचा.

हॅमिल्टनवर एक आरोप नेहमी होतो आणि तो खरा आहे. बोलणी चालू असताना त्याने फिलाडेल्फियातला ब्रिटिश वकील जॉर्ज हॅमंड याला सांगून टाकलं की स्वीडन आणि डेन्मार्कच्या सशस्त्र तटस्थांच्या गटात अमेरिका जाणार नाही. हॅमंडने ते लंडनला कळवलं. जेच्या हातातलं एक पान त्याच्याच माणसाने उघडं केलं. पण त्या पानाची किंमत मला फार वाटत नाही. 1780 चा असा गट जड होता कारण रशिया त्याच्या शिरोभागी होता. 1794 मध्ये रशिया ब्रिटनच्या बाजूला होता. दोन छोट्या आरमारांच्या धाकाने ग्रेनव्हिल सक्तीची भरती सोडून देईल हे शक्य नव्हतं. हॅमिल्टनचं वागणं गैर होतं, त्याने तह बिघडला असं मात्र मी म्हणणार नाही.

तहाची प्रत 7 मार्च 1795 ला फिलाडेल्फियात पोचली. वॉशिंग्टनने ती तीन महिने कुलपात ठेवली. सिनेटने जूनमध्ये बंद दाराआड चर्चा केली, बाराव्या कलमातला वेस्ट इंडीजचा भाग गाळला आणि 24 जूनला 20 विरुद्ध 10 असा तह मान्य केला. बरोबर दोन तृतीयांश. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर तह संपला होता. काही दिवसांत व्हर्जिनियाचा सिनेटर स्टीव्हन्स मेसन याने प्रत बाहेर फोडली, बेंजामिन फ्रँकलिन बाश या संपादकाने ती छापली, आणि बंदराबंदरांतून जेचे पुतळे जळू लागले. न्यूयॉर्कच्या सभेत बाजू मांडायला उभ्या राहिलेल्या हॅमिल्टनला 18 जुलैला दगड खावे लागले. त्याने लेखणी उचलली; सिनेटर रुफस किंगच्या मदतीने 'कॅमिलस' या टोपणनावाने 38 लेख आले.

वॉशिंग्टन मात्र अजून सही करत नव्हता. ब्रिटन फ्रान्सकडे धान्य नेणारी जहाजं पुन्हा धरू लागला होता, आणि तो हुकूम मागे घेईपर्यंत सही करू नका असा रँडॉल्फचा सल्ला होता. तेवढ्यात एक खलिता समोर आला. फ्रेंच वकील जोसेफ फोशे याचं एक पत्र ब्रिटिश आरमाराने समुद्रात पकडलं होतं. ते हॅमंडकडून मंत्रिमंडळातल्या रँडॉल्फच्या विरोधकांपर्यंत पोचवण्यात आलं. रँडॉल्फने पैशांची गोष्ट काढली होती असा अर्थ त्यातून निघत होता. वॉशिंग्टनने आधी तहावर सही केली, आणि 19 ऑगस्टला इतर मंत्र्यांसमोर ते पत्र रँडॉल्फच्या हातात दिलं. त्याने त्याच दिवशी राजीनामा दिला. लाच घेतल्याचा पुरावा कधीही पुढे आला नाही. वॉशिंग्टनच्या साऱ्या कारकिर्दीत मला सर्वांत न पटणारा प्रसंग हाच. वीस वर्षांच्या सहकाऱ्याला खासगीत एक प्रश्न विचारायला हवा होता.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, तह टिकला कसा, त्याचं उत्तर 1796 च्या वसंतात आहे. परीक्षेच्या टिपणांत हा भाग दोन ओळींत संपतो, प्रत्यक्षात राज्यघटनेची ही पहिली मोठी कसोटी होती. तह अध्यक्ष आणि सिनेट मिळून करतात. पण लवाद मंडळांना लागणारा पैसा प्रतिनिधीगृहाने मंजूर करायचा. मग पैसा नाकारून प्रतिनिधीगृह तह मोडू शकतं का? न्यूयॉर्कच्या एडवर्ड लिव्हिंग्स्टनने ठराव आणला की जेला दिलेल्या सूचना आणि पत्रव्यवहार सभागृहासमोर ठेवा. 24 मार्चला तो 62 विरुद्ध 37 मतांनी संमत झाला. 30 मार्चला वॉशिंग्टनने नकार दिला. राज्यघटना बनवणाऱ्या सभेचा अध्यक्ष तो स्वतः होता आणि तिची नोंदवही सरकारी दप्तरात होती. तिचा हवाला देऊन त्याने दाखवलं की कायदा करून मान्यता दिल्याशिवाय तह बंधनकारक होऊ नये अशी सूचना तिथे आली होती आणि ती फेटाळली गेली होती. ही राज्यघटना जिने घडवली त्या सभेतला सर्वांत मोठा अभ्यासक मॅडिसन समोरच्या बाकावर बसला होता. त्याचं उत्तरही वजनदार होतं: घटनेचा अर्थ ती लिहिणाऱ्यांच्या खोलीत शोधायचा नाही, ती मान्य करणाऱ्या राज्यांच्या सभांमध्ये शोधायचा. हा वाद अमेरिकेत अजून मिटलेला नाही. सभागृहाने आपला हक्क नोंदवणारा ठराव 57 विरुद्ध 35 मतांनी केलाही.

पण एप्रिलभर मॅडिसनचं बहुमत झिजत गेलं. व्यापाऱ्यांनी अर्जांचा पाऊस पाडला. विमा मिळेना, जहाजं बंदरात अडली. आणि पश्चिमेच्या वसाहतवाल्यांना ठाणी हवी होती. 28 एप्रिलला आजारपणामुळे उभंही राहवत नसलेला मॅसॅच्युसेट्सचा फिशर एम्स बोलायला उठला आणि तह मोडला तर सरहद्दीवर पुन्हा युद्ध पेटेल हे चित्र त्याने इतक्या ताकदीने उभं केलं की श्रोत्यांत बसलेल्या उपाध्यक्ष अ‍ॅडम्सच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मतं 49 विरुद्ध 49 पडली. अध्यक्षस्थानी पेनसिल्व्हेनियाचा फ्रेडरिक म्यूलेनबर्ग होता, तोही विरोधी गटाकडे झुकलेला. त्याने तहाच्या बाजूने मत टाकलं. 30 एप्रिलला अंतिम मतदान 51 विरुद्ध 48. काही दिवसांनी म्यूलेनबर्गच्या मेहुण्याने त्याच्यावर चाकू चालवला. तो वाचला, पण पुढची निवडणूक हरला. हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनच्या बाजूचे रिपब्लिकन असे दोन पक्ष देशभर नीट उभे राहिले ते याच लढाईत. तोवर मतभेद हॅमिल्टनच्या बँकेवरून आणि कर्जावरून राजधानीत होते, या तहाने ते गावोगावच्या सभांपर्यंत नेले.

तहातून काय मिळालं? डेट्रॉइटवर 11 जुलै 1796 ला अमेरिकन झेंडा चढला. जहाजांच्या भरपाईच्या मंडळाने 1804 पर्यंत अमेरिकन मालकांना एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळवून दिली. (या मंडळाचा पाचवा सदस्य चिठ्ठी टाकून निवडला गेला, आणि नाव निघालं जेचा सचिव, चित्रकार जॉन ट्रंबल याचं.) कर्जांचं मंडळ मात्र भांडून बंद पडलं; शेवटी 1802 मध्ये अमेरिकेने सहा लाख पौंड देऊन तो विषय मिटवला. स्पेनला भीती वाटली की ब्रिटन आणि अमेरिका आता एकत्र येऊन आपल्या ताब्यातल्या लुइझियानावर चालून येतील. स्पेनने नुकताच फ्रान्सशी समेट केला होता, त्यामुळे ब्रिटनचा राग ओढवला होताच. 27 ऑक्टोबर 1795 ला अमेरिकेचा वकील टॉमस पिंकनी याने स्पेनकडून मिसिसिपीत नौकानयनाचा हक्क आणि न्यू ऑर्लिन्सला माल उतरवायची परवानगी मिळवली. सिनेटने तो तह एकमताने मान्य केला. जेला शिव्या देणारे लोक पिंकनीचं कौतुक करत होते. माझ्या मते पिंकनीच्या यशात जेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेची निर्यात 1794 मध्ये सुमारे 3.3 कोटी डॉलरची होती, 1801 मध्ये ती नऊ कोटींच्या पुढे गेली. सगळं श्रेय तहाला देऊ नका, युरोपातलं युद्ध हे मोठं कारण होतं. पण त्या युद्धात तटस्थ राहून माल वाहता आला तो ब्रिटनशी समेट होता म्हणून.

किंमतही मोजायला हवी, आणि ती इतरांनी जास्त मोजली. फ्रान्सने अमेरिकन जहाजं धरायला सुरुवात केली, पॅरिसला गेलेल्या अमेरिकन वकिलांकडे फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँच्या दलालांनी लाच मागितली, आणि 1798 ते 1800 समुद्रावर अघोषित युद्ध झालं. सक्तीने ओढलेले खलाशी तसेच राहिले, तो प्रश्न 1812 च्या युद्धापर्यंत पोचला. आणि ओहायोतल्या जमाती. 20 ऑगस्ट 1794 ला, जॉन जे लंडनमध्ये बोलणी करत असताना, अमेरिकन सेनापती अँथनी वेनने फॉलन टिंबर्सला त्यांचा पराभव केला. ते पळत जवळच्या ब्रिटिश किल्ल्याकडे आले तर आतल्यांनी दरवाजे बंद केले. ज्यांच्या भरवशावर ते लढले त्यांनीच पुढे तहाने ठाणीही देऊन टाकली, आणि ऑगस्ट 1795 मध्ये ग्रीनव्हिलला त्यांना आजच्या ओहायोची बहुतेक जमीन सोडावी लागली. 'दूरदृष्टी' म्हणणारं तुमचं दुसरं पुस्तक इथे गप्प असेल तर ते अर्धंच आहे.

म्हणून माझं उत्तर: तह पडता होता, पण दुबळ्या सरकारने त्याने वेळ विकत घेतला, आणि त्या क्षणी दुसरा पर्याय तहाहून चांगला नव्हता. 1812 मध्ये युद्ध झालं तेव्हा अमेरिकेकडे निदान त्या फ्रिगेट होत्या.

परीक्षेसाठी एक चूक टाळा. 'गुंतवणाऱ्या युती' हे शब्द वॉशिंग्टनच्या निरोपाच्या भाषणात नाहीत. सप्टेंबर 1796 च्या त्या निवेदनात तो कायमच्या युतींपासून दूर राहायला सांगतो. 'गुंतवणाऱ्या' हा शब्द जेफरसनचा, अध्यक्षपद स्वीकारतानाच्या 4 मार्च 1801 च्या पहिल्या भाषणातला.

आणि आपल्याकडचा एक धागा, जो वर्गात सांगितला की मुलं कान टवकारायची. तेराव्या कलमाने अमेरिकन जहाजांना ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बंदरांत, म्हणजे मुंबई, मद्रास, कलकत्त्यात, ब्रिटिश जहाजांइतक्याच जकातीत व्यापार करायची मुभा दिली. अट अशी की इथून उचललेला माल अमेरिकेतच उतरवायचा, किनाऱ्याकिनाऱ्याने व्यापार करायचा नाही, आणि परवानगीशिवाय देशात आत जायचं नाही. त्याआधी वॉशिंग्टनने 1792 मध्ये बेंजामिन जॉय याला कलकत्त्याचा वाणिज्यदूत नेमलं होतं, पण 1794 मध्ये तो पोचला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्याला दूत मानायला नकार देऊन फक्त व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिलं.

हे तेरावं कलम मुदतीचं होतं, बारा वर्षांचं. पहिली दहा कलमं कायमची होती. त्यातल्या तिसऱ्याने आदिवासींना कॅनडा आणि अमेरिकेच्या सरहद्दीवर मुक्त ये-जा दिली. त्या कलमातून आलेला हक्क अमेरिकन कायद्यात आजही आहे: कॅनडात जन्मलेली, किमान निम्म्या आदिवासी वंशाची व्यक्ती त्याच्या आधारे ती सरहद्द ओलांडून अमेरिकेत राहू शकते.